राणीच्या ज्युबिलीचा मग घेण्याआधी तो उलटा करून पाहा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारणाऱ्याला आज ना उद्या ही वस्तू दिसतेच. अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं, काच फुटलेले कंदील आणि त्यांच्या गर्दीत चिनीमातीचा एक मग. त्यावर राणीचं चित्र, वर मुकुट, दोन्ही बाजूंना झेंडे, खाली साल. "ताई, अँटिक पीस आहे, व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा," असं कानावर येतं आणि नवख्या माणसाचा हात पर्सकडे जातो. माझाही तसाच गेला होता. मगावर 1837 आणि 1897 असे दोन आकडे होते. विकणाऱ्याने 1837 वर बोट ठेवलं, मी मान डोलावली आणि होती त्यापेक्षा साठ वर्षांनी जुनी समजून वस्तू घरी आणली. 1837 हे राणी गादीवर आल्याचं साल. मग बनला तो 1897 मध्ये, तिच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून.

त्या चुकीनंतर मी या वस्तू नीट वाचायला शिकले. राजाच्या किंवा राणीच्या कारकिर्दीला पंचवीस, पन्नास, साठ वर्षं झाली की त्या निमित्ताने मग, बशा, जग, काचेच्या ताटल्या, बिस्किटांचे डबे, विणलेल्या रेशमी पुस्तकखुणा, चांदीचे चमचे असं पुष्कळ काही निघतं. आपल्याकडच्या बाजारात येतो तो बहुतेक ब्रिटिश माल. म्हणून हा लेखही मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. सुरुवात करणाऱ्याने काय, कोणत्या क्रमाने पाहावं ते सांगते.

आधी उत्सव कोणता ते ठरवा

तिसऱ्या जॉर्जच्या राज्याचं पन्नासावं वर्ष 25 ऑक्टोबर 1809 ला सुरू झालं आणि त्याच दिवशी त्याचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या वेळच्या वस्तू थोड्या आहेत, महाग आहेत आणि त्यांची पारख अवघड आहे. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. मोठ्या प्रमाणावर माल निघाला तो व्हिक्टोरियाच्या दोन उत्सवांना: 1887 चा सुवर्णमहोत्सव आणि 1897 चा हीरकमहोत्सव. त्यानंतर पाचव्या जॉर्जचा रौप्यमहोत्सव, 6 मे 1935. मग दुसऱ्या एलिझाबेथचे चार: 1977, 2002, 2012 आणि 2022. शेवटची ती प्लॅटिनम ज्युबिली, सत्तर वर्षांची. आपला अमृतमहोत्सव पंचाहत्तरचा असतो, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नका.

1902, 1911, 1937 आणि 1953 ही सालं दिसली तर ती वस्तू ज्युबिलीची नाही, राज्याभिषेकाची आहे. दुकानात सगळ्याला सरसकट 'ज्युबिली' म्हणतात. वाईट हेतूने नव्हे, पण विकणाऱ्याला त्यात फरक पडत नाही. आपल्याला पडतो.

व्हिक्टोरियाच्या काळात एवढा माल का निघाला, हे समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट भागातल्या कारखान्यांना तोवर छापील चित्रांची भांडी ढिगाने काढण्याचं तंत्र साधलं होतं आणि रेल्वेमुळे माल कुठेही पोचत होता. 22 जून 1887 ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे 30,000 शाळकरी मुलांना जेवू घातलं आणि प्रत्येकाच्या हाती डोल्टन कारखान्याचा एक मग दिला. म्हणजे 1887 चं साल आहे म्हणून वस्तू दुर्मिळ असलीच पाहिजे असं नाही. दुर्मिळ असतो तो इतकी वर्षं धडपणे टिकलेला नमुना.

हिंदुस्थानात सुवर्णमहोत्सव जूनची वाट न पाहता उन्हाळ्याआधीच, 16 फेब्रुवारी 1887 ला साजरा झाला. मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनाला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव मिळालं ते या महोत्सवामुळेच, आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेच्या मूळ नावातला 'ज्युबिली' शब्दही तिथलाच. म्हणून 1887 हे साल आपल्याला तसं परकं नाही.

मग वस्तू उलटी करा

माझ्या मते हे सगळ्यांत महत्त्वाचं काम. दर्शनी बाजू विकायला केलेली असते, तळ कारखान्याच्या हिशेबासाठी असतो. मी तर आता आधी तळच पाहते आणि राणीचं तोंड नंतर.

तळावर 'इंग्लंड' हा शब्द आहे का ते बघा. अमेरिकेने 1890 मध्ये केलेल्या आयातकराच्या कायद्यामुळे 1891 पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं आणि ब्रिटिश कारखाने ते सर्रास छापू लागले. त्यामुळे 1887 लिहिलेल्या वस्तूच्या तळाशी 'इंग्लंड' दिसलं तर थांबा आणि शंका घ्या. 'मेड इन इंग्लंड' असेल तर ती बहुधा विसाव्या शतकातली. 'बोन चायना' हे शब्द तळावर छापलेले असतील तरी तेच.

दुसरी खूण नोंदणी क्रमांकाची. 1842 ते 1883 पर्यंत नमुन्याची नोंद झाल्याची खूण चौकट फिरवून ठेवल्यासारखी, हिऱ्याच्या आकाराची असे. 1884 पासून तिच्या जागी 'आरडी नं.' आणि पुढे आकडा येऊ लागला. 1887 च्या सुरुवातीला हे आकडे 64,520 पाशी होते, 1897 च्या सुरुवातीला 2,91,241 पाशी. मगाचा आकडा या दोन सालांच्या मानाने कुठे बसतो ते पाहायचं. यात एक खाचखळगा आहे. क्रमांक नोंदणीचा असतो, उत्पादनाचा नव्हे. जुन्या घाटाच्या मगावर नवं चित्र छापलेलं असू शकतं, तेव्हा आकडा उत्सवाच्या आधीचा निघाला तर बिघडत नाही. उत्सवाच्या नंतरचा निघाला तर मात्र ती वस्तू उत्सवाच्या वेळची नाही.

तिसरी खूण नावाची. 'रॉयल डोल्टन' अशी मुद्रा 1897 च्या मगावर असूच शकत नाही, कारण 'रॉयल' लावायचा मान त्या कारखान्याला सातव्या एडवर्डने 1901 मध्ये दिला. त्याआधीच्या मालावर नुसतं 'डोल्टन' असतं, आणि दगडी मातीच्या भांड्यांवर पुष्कळदा 'डोल्टन लँबेथ'. वेजवुड या दुसऱ्या नामांकित कारखान्याच्या इंग्रजी नावाचं स्पेलिंगही पाहून ठेवा. जी नंतर लगेच डब्ल्यू हवा. मधे एक ई घुसलेला असेल तर तो प्रसिद्ध वेजवुड नाही.

तळावर काहीच नसेल तर? घाबरू नका. व्हिक्टोरियाच्या काळातला पुष्कळसा स्वस्त माल बिनमुद्रेचाच आहे. अशा वेळी माती आणि छपाई पाहावी लागते.

माती आणि छपाई कशी पाहायची

मग उजेडासमोर धरा आणि आतून बोट लावा. बाहेरून बोटाची सावली दिसली तर बोन चायना किंवा पोर्सिलेन. अजिबात दिसली नाही तर साधी भाजकी चिनीमाती. बोन चायनामध्ये जवळपास निम्मा भाग जनावरांच्या हाडांच्या राखेचा असतो, म्हणून तिला ती दुधाळ पारदर्शकता येते. ज्युबिलीच्या वस्तू दोन्ही प्रकारांत सापडतात. कमी भावाचा मग साध्या मातीचा म्हणून कमअस्सल ठरत नाही. मुलांना वाटलेले मग बहुतेक त्याच मातीचे होते.

छपाईसाठी दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं. जुन्या पद्धतीत चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, त्यात भट्टीत टिकणारा रंग भरायचे, त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यायचे आणि तो ओला कागद भांड्यावर चिकटवून घासायचे. मग पाण्याने कागद सुटायचा, रंग भांड्यावर राहायचा आणि वर झिलई चढायची. भिंगातून अशा चित्राच्या रेघा सलग दिसतात, कुठे जाड, कुठे बारीक, आणि सावलीच्या जागी कोरीव ठिपके. मगाच्या कानाजवळ पाहिलं तर कागदाची दोन टोकं जिथे भिडली तिथे वेलबुट्टी किंचित चुकलेली असते. माझ्या 1897 च्या मगावर गुलाबाचं एक पान त्या जोडावर अर्धंच राहिलंय. पानाच्या पुढे एकदम देठ सुरू होतो. कागद लावणाऱ्या हाताची ती घाई इतक्या वर्षांनंतर जशीच्या तशी दिसते, आणि सगळ्या मगावर मला तीच जागा सर्वांत प्रिय आहे.

याच मगाला रंग हाताने भरलेत. झेंड्याचा लाल रेघेबाहेर गेलाय, दुसऱ्या बाजूच्या झेंड्याचा निळा थोडा आत राहिलाय. कारखान्यांत हे काम स्त्रिया आणि मुली करत. उलट भिंगाखाली चार रंगांच्या सारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, मासिकातल्या फोटोसारखी, तर ती अलीकडची छपाई आहे. वर साल कोणतंही असो.

काच आणि चांदीबद्दल थोडक्यात सांगते. 1887 च्या सुमारास साच्यात दाबून केलेल्या काचेच्या ताटल्या उत्तर इंग्लंडच्या गेट्सहेडसारख्या गावांत बनत. सोअरबी कारखान्याची खूण मोराचं डोकं. चांदीच्या चमच्यांवर 1935 च्या महोत्सवासाठी हॉलमार्कच्या रांगेत राजा-राणीच्या जोडमस्तकांचा खास छाप वापरला गेला, आणि 1977 मध्ये राणीच्या मस्तकाचा. तो छाप उत्सव ओळखायला मदत करतो.

खोट कशी शोधायची

मग तळहातावर मोकळा ठेवा, पकडू नका, आणि नखाने हलकेच टिचकी मारा. धड असेल तर स्वच्छ नाद येतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. मोबाइलचा टॉर्च आतून लावून मग सावकाश फिरवा. चीर काळ्या रेघेसारखी उमटते. कडेवरून बोट फिरवलं की टवका उडालेली जागा नजरेआधी बोटाला लागते. कान जिथे अंगाला जोडलाय ती जागा दोनदा पाहा, कारण तुटलेला कान चिकटवून रंगवून देणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. अशी दुरुस्ती अतिनील दिव्याखाली निराळी चमकते. नोटा तपासायचा छोटा दिवा त्याला पुरतो.

झिलईवरच्या जाळीदार भेगा मात्र वेगळ्या. साध्या मातीच्या जुन्या भांड्यांना त्या पडतातच. त्यात डाग मुरले नसतील तर मी त्यांना खोट मानत नाही.

सोनेरी कड झिजलेली असली तर भाव पाडून मागा, पण ती नव्याने लावून घेऊ नका. आणि या मगातून चहा पिऊ नका. जुन्या झिलईत आणि रंगांत शिसं असतं, गरम आणि आंबट पदार्थांत ते उतरू शकतं.

सुरुवात कशापासून करावी

1935 चा रौप्यमहोत्सव, असं माझं स्पष्ट मत आहे. वस्तू भरपूर आहेत, भाव आवाक्यात आहेत, छपाई सुबक आहे, आणि राजा पाचवा जॉर्ज व राणी मेरी हे जोडचित्र सहज ओळखता येतं. सोबत त्याच वर्षीची हिंदुस्थानची ज्युबिली तिकिटं जमवता येतात. सात तिकिटांचा संच आहे. अर्ध्या आण्यावर आपलं गेटवे ऑफ इंडिया, अडीच आण्यांवर ताजमहाल, साडेतीन आण्यांवर सुवर्णमंदिर. मगाशेजारी हा संच चौकटीत लावला की लंडनची आणि मुंबईची ज्युबिली एका फळीवर येते.

1977 चा माल आणखी स्वस्त. त्यात वेजवुडसाठी रिचर्ड गायट यांनी आखलेला मग मिळाला तर सोडू नका.

आठव्या एडवर्डच्या मगांची एक दंतकथा बाजारात फिरते. तो 1936 च्या जानेवारीत गादीवर आला, डिसेंबरमध्ये गादी सोडली, राज्याभिषेक झालाच नाही, म्हणून त्याचे मग अतिशय दुर्मिळ, असं सांगतात. खरं उलट आहे. राज्याभिषेक 12 मे 1937 ला ठरला होता आणि कारखान्यांनी माल आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे त्याचे मग ढिगाने आहेत. ठरलेल्या तारखेलाच मग सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. एरिक रॅव्हिलियस या चित्रकाराने वेजवुडसाठी केलेला शोभेच्या दारूकामाचा नमुना तर एडवर्डसाठी होता, पुढे बदलून जॉर्जसाठी आणि 1953 मध्ये पुन्हा एलिझाबेथसाठी वापरला गेला.

2022 च्या प्लॅटिनम ज्युबिलीच्या वेळी चीनमध्ये छापलेल्या काही कपबशांवर 'ज्युबिली'ऐवजी 'जब्ली' पडलं आणि त्या हजारोंनी निघाल्या. चुकीची छपाई म्हणून त्यांना कोणी चढा भाव सांगेल. इतक्या मोठ्या संख्येने असलेल्या वस्तूसाठी तो देऊ नका.

फक्त डोळ्यांनी पाहायच्या वस्तूंचीही ओळख असू द्या, नजर तयार होते. रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्याच्या तीनशे वर्षांनिमित्त 1913 मध्ये फाबेर्जे या जवाहिऱ्याने केलेल्या शोभेच्या अंड्यावर त्या घराण्यातल्या अठरा राज्यकर्त्यांची इवली चित्रं आहेत आणि आतल्या गोलावर 1613 आणि 1913 चा रशिया. ते मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये आहे. मगावरच्या 1837 आणि 1897 मध्ये जी कल्पना आहे, तीच इथे सोन्यात आणि पोलादात उतरलीय. इथे मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलात्मक वस्तूंची दालनं आहेत. खरेदीआधी एक दुपार तिथे घालवा.

आपल्या संस्थानांचे महोत्सव

ब्रिटिश मालाची नजर बसली की इकडे वळा, कारण इथला माल थोडा आहे आणि ओळखणारे त्याहून थोडे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, 1875 मध्ये गादीवर आले. त्यांचा हीरकमहोत्सव जानेवारी 1936 मध्ये झाला आणि बडोद्याचं कीर्तिमंदिर त्याच वर्षीचं. बिकानेरच्या गंगासिंहांच्या सुवर्णमहोत्सवाचा 1937 चा चांदीचा रुपया नाणेवाल्यांकडे दिसतो. तेव्हा मराठवाडा ज्या राज्यात होता त्या हैदराबादच्या निजामाचा रौप्यमहोत्सव 1937 मध्ये झाला. त्याच्या तिकिटांवर उस्मानिया रुग्णालय आणि ज्युबिली हॉल आहे. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत पत्रांच्या गठ्ठ्यांत ही तिकिटं अजून असतात. पाकिटावरून तिकीट फाडू नका, पाकिटासकट ठेवा.

कायद्याचं

हे वाचून मगच व्यवहार करा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. 1887 किंवा 1897 चा मग इंग्लंडमध्ये बनला असला तरी मुंबईत घेऊन परदेशातल्या मुलीला किंवा मित्राला कुरिअरने पाठवायचा विचार करू नका. 1935 चा मग अजून त्या वयाचा नाही, पण विमानतळावर वाद नको असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. हस्तिदंताची मूठ असलेली सुरी किंवा कागद कापायचं पातं कोणी दाखवलं तर हात लावू नका, भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे.

परदेशातून मागवताना विकणाऱ्याला डब्यात डबा अशी बांधणी करायला सांगा आणि मगाच्या आतही कागद भरायला सांगा. माझी एक बशी नुसत्या फुग्याच्या प्लास्टिकमध्ये आली आणि तीन तुकडे घेऊन पोचली. विकणाऱ्याने जबाबदारी घेतली नाही. तेव्हापासून मी बांधणीचे फोटो पाहिल्याशिवाय पैसे पाठवत नाही.

ठेवायचं कसं

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड. तळात टॉवेल अंथरलेलं प्लास्टिकचं घमेलं घ्या, स्टीलच्या सिंकमध्ये धुऊ नका. ब्लीच नाही, घासणी नाही, डिशवॉशर तर नाहीच. बशा भिंतीवर लावायच्या तारेच्या स्प्रिंगने कडेचे टवके उडतात. त्यापेक्षा लाकडी स्टँड बरा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांना पावसाळ्यात गंज धरतो, कोकणात तर हमखास. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनच्या आधी बदला.

प्रत्येक वस्तूला वहीत एक पान द्या. कुठे घेतली, किती दिले, तळावर काय आहे, खोट कुठे आहे, आणि त्या दिवशी आपल्याकडे काय चाललं होतं. शेवटचा रकाना मी नंतर घातला, त्या पहिल्या मगामुळे. त्याच्या पानावर असं लिहिलंय: "जुना बाजार. हीरकमहोत्सव, 22 जून 1897. साधी माती, बिनमुद्रेचा, हाताने रंगवलेला, कानाखाली चीर, जोडावर अर्धं पान. पुण्यात प्लेग, मुलखात दुष्काळ. त्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधला ज्युबिलीचा समारंभ आटोपून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. ती इमारत आता पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे."

मगाच्या दर्शनी बाजूला राणीची दोन चित्रं आहेत, एक तरुणपणचं, एक म्हातारपणचं. फळीवर मी तो कान पुढे करून ठेवते, म्हणजे समोर जोड येतो आणि ते अर्धं पान दिसतं.